सेतूपलीकडचा शेजारी

तामिळनाडूचा किनारा आणि श्रीलंकेचे उत्तर टोक यांच्यामध्ये जो उथळ समुद्र आहे, त्याला पाल्कची सामुद्रधुनी असे म्हणतात. हे नाव मूळचे ना तमिळ, ना सिंहली. रॉबर्ट पाल्क हा १७६३ ते १७६७ या काळात मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा, गव्हर्नर होता. त्याच्या नावावरून ते पडले. श्रीलंका हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि त्याचा इतिहास स्वयंपूर्ण आहे, हे खरे. परंतु त्या इतिहासाची कित्येक पाने मद्रासमध्ये लिहिली गेली. या बेटाकडे चेन्नईहून पाहिले असता अनेक गोष्टींचा उलगडा अधिक सहजपणे होतो, तो यामुळेच.

प्रथम भूगोल. बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एकपंचमांश. लोकसंख्या दोन कोटींहून थोडी अधिक. मध्यभागी डोंगराळ प्रदेश असून त्यातील पिदुरुतलागल हे शिखर २,५२४ मीटर उंच आहे. सह्याद्रीतील कळसूबाई याच्यापुढे बरेच ठेंगणे ठरते. उत्तरेकडे मात्र जमीन सपाट होत जाऊन मन्नारजवळ वाळूच्या दांड्यांच्या रूपाने भारताकडे हात पुढे करते. हाच रामसेतू. येथील पाणी इतके उथळ आहे, की मुंबईहून चेन्नईला निघालेल्या मोठ्या जहाजाला आजही सबंध बेटाला वळसा घालूनच यावे लागते.

पावसाच्या बाबतीत या बेटाचे दोन भाग पडतात. नैर्ऋत्येकडील कोलंबो, गॉल आणि पश्चिमेकडचे डोंगरउतार यांना मराठी वाचकाच्या परिचयाचा, म्हणजे मे ते सप्टेंबरचा पाऊस मिळतो. उत्तर व पूर्व भागांना मात्र त्या दिवसांत कोकणातून घाटमाथा ओलांडून देशावर आल्यासारखा अनुभव येतो. ढग दिसतात, पण ते कोरडे. तेथील पाऊस ईशान्येकडून, वर्षाच्या अखेरीस येतो आणि त्या बाबतीत जाफना व त्रिंकोमाली ही चेन्नईची सख्खी भावंडे आहेत. कारण चेन्नईचाही निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पडतो. वर्षातून काही आठवडे पडणारे पाणी वर्षभर पुरवायचे, तर तलाव बांधणे ओघानेच आले. तमिळ प्रदेशातील ‘एरी’ आणि सिंहलातील ‘वेव’ ही एकाच गरजेची दोन नावे आहेत. बाराव्या शतकात राजा पराक्रमबाहूने पोलोन्नरुव येथे जो जलाशय बांधला, त्याला प्रजेने ‘समुद्र’ म्हटले. ही अतिशयोक्ती त्याच्या काठावर उभे राहिल्यास क्षम्य वाटते.

या कोरड्या प्रदेशातच बेटाची प्राचीन वैभवस्थाने आहेत. अनुराधपूर येथील बोधिवृक्ष, तेथील प्रचंड स्तूप, आणि पाचव्या शतकात कश्यप राजाने सिगिरियाच्या कड्यावर उभारलेला दुर्ग यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. सिगिरियाच्या भिंतीवरील ललना पाहताना अजिंठा पाहिलेल्या मराठी प्रवाशाला नाते सांगावे लागत नाही. चेन्नईमार्गे जाणाऱ्याने मात्र निघण्यापूर्वी एगमोर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयात एक दुपार अवश्य घालवावी. तेथे अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट ठेवलेले आहेत. आंध्रातील त्या शिल्पशैलीचा ठसा अनुराधपूरच्या मूर्तिकलेवर उमटलेला आहे. या क्रमाने पाहिल्यास अनुराधपूरचे भग्नावशेष मुके राहत नाहीत.

समुद्र ओलांडून केवळ कलाच गेली असे नव्हे. दहाव्या शतकाच्या अखेरीस राजराज चोळाने उत्तर सिंहल जिंकले. अनुराधपूरचे राजधानीपद संपले आणि पोलोन्नरुवला महत्त्व आले. १०७० च्या सुमारास विजयबाहूने चोळांना हुसकून लावले; त्यांनी बांधलेली शिवालये मात्र बौद्ध विहारांच्या शेजारी अद्याप उभी आहेत. उलट दिशेचाही प्रवास घडला. कँडीचे अखेरचे राजघराणे दक्षिण भारतातील नायक्कर वंशाचे होते. त्यातील शेवटच्या राजाला, श्रीविक्रम राजसिंहाला, इंग्रजांनी १८१५ मध्ये पकडले, मद्रासला आणले आणि वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवले. तेथेच १८३२ मध्ये तो मरण पावला. बेटावरील अखेरच्या राजाची समाधी अशा रीतीने चेन्नईपासून काही तासांच्या अंतरावर, पालार नदीकाठी आहे; फारच थोडे प्रवासी तिकडे वळतात.

पोर्तुगीज १५०५ मध्ये आले. डचांनी १६५८ पर्यंत त्यांना काढून लावले. यानंतरचा प्रसंग अधिक तपशिलाने सांगण्याजोगा आहे. १७९५-९६ मध्ये डचांकडून किनारपट्टी हिसकावून घेणारे सैन्य मद्रासहून गेले, आणि पहिली काही वर्षे बेटाचा कारभारही मद्रास सरकारनेच पाहिला. रॉबर्ट अँड्रूज या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याकडे वसुली सोपविण्यात आली. त्याने तेथील परंपरागत मुखियांना दूर सारून मद्रासकडून अमलदार नेले आणि माडाच्या झाडांवर कर बसविला. ज्या किनाऱ्यावर घराचे छप्पर, दोर, तेल, दारू आणि जेवण ही सारी माडावरच अवलंबून, तेथे हा कर म्हणजे प्रत्येक अंगणावर बसविलेला कर होता. १७९७ मध्ये लोकांनी बंड केले. परिणामी १७९८ पासून इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर कोलंबोला बसू लागला आणि १८०२ मध्ये सिलोन ही कंपनीपासून पूर्णपणे वेगळी वसाहत झाली. बेटाची राजकीय वाट भारताहून वेगळी होण्यास जी कारणे घडली, त्यांत मद्रासच्या या फसलेल्या वसुलीला महत्त्वाचे स्थान द्यावे लागते.

कारभार वेगळा झाला, माणसे वेगळी झाली नाहीत. डोंगरात प्रथम कॉफीचे आणि त्या पिकावर रोग पडल्यानंतर चहाचे मळे उठले. ते तमिळ जिल्ह्यांतून गेलेल्या मजुरांनी उभे केले. जाफन्याचे विद्वान मद्रासला येत. मद्रास विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत जाफन्याचे दामोदरम पिळ्ळै होते. प्राचीन तमिळ ग्रंथ ताडपत्रांवरून छापील स्वरूपात आणण्याचे मोठे कार्य त्यांनी केले. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि ‘बोट मेल’ सुरू झाली. एगमोर स्थानकावर गाडीत बसावे, धनुष्कोडीला उतरून आगबोटीत चढावे, सुमारे तीस किलोमीटरचे पाणी ओलांडून तलैमन्नारला पुन्हा गाडी पकडावी आणि कोलंबोला उतरावे. मद्रास ते कोलंबो असे एकच तिकीट मिळत असे.

१९६४ या एका वर्षाने या मार्गावर दोन आघात केले. ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. १९४८ च्या कायद्याने नागरिकत्व गमावलेल्या मळेकामगारांपैकी सव्वापाच लाखांनी भारतात जावे आणि तीन लाखांना बेटाने नागरिक करून घ्यावे, असे त्यात ठरले. कित्येकांनी तो ‘स्वदेश’ कधी पाहिलेलाही नव्हता. त्यानंतर २२ डिसेंबरच्या रात्री आलेल्या चक्रीवादळात धनुष्कोडी नष्ट झाली. स्थानकाजवळ आलेली गाडी उतारूंसह समुद्राने गिळली. पुढे रामेश्वरहून बोट सुटू लागली, पण १९८३ मध्ये बेटावर यादवी पेटल्यावर तीही बंद पडली. मजुरांच्या तपासणीसाठी सिलोन सरकारने एकेकाळी मंडपम येथे जी छावणी चालविली होती, तेथे आता निर्वासित येऊ लागले.

त्या काळातील एक हानी ग्रंथप्रेमींनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय उभारताना मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल रंगनाथन यांचा सल्ला घेण्यात आला होता आणि इमारतीचा आराखडा मद्रासच्या वास्तुशिल्पकाने केला होता. १ जून १९८१ च्या सुमारास ते जाळण्यात आले. सुमारे ९७,००० ग्रंथ व दुर्मीळ हस्तलिखिते राख झाली. पुढे इमारत पूर्ववत बांधण्यात आली. जाफन्यास जाणाऱ्या प्रवाशाला ती पांढरी, घुमटाकार वास्तू आज पाहता येते, आतील वाचकही दिसतात. हस्तलिखिते अर्थातच परत आली नाहीत.

मे २००९ मध्ये यादवी संपली. कँडीचे दंतमंदिर, गॉलचा डच कोट, डिसेंबर ते मे या दिवसांत पहाटेच्या चढणीसाठी गजबजणारे श्रीपाद शिखर, चहाच्या डोंगरांतून जाणारी रेल्वे, या सर्वांकडे प्रवासी पुन्हा वळले. अलीकडच्या वर्षांत त्यांत भारतीयांचीच संख्या सर्वांत मोठी आहे. मे २०२२ मध्ये आर्थिक अरिष्टाने बेटावर अन्नाची टंचाई झाली, तेव्हा चेन्नई बंदरातून तांदूळ, दूधभुकटी आणि औषधे घेऊन जहाज गेले. मच्छीमारांचा तंटा मात्र मिटलेला नाही. तमिळनाडूचे यांत्रिक पडाव समुद्रतळ खरवडणारी जाळी ओढतात, आणि त्यात जाफन्याच्या गरीब कोळ्याचे नुकसान होते. दोन्हीकडील कोळी तमिळच बोलतात, ही यातील अधिकच कष्टदायक बाब होय.

चेन्नईहून कोलंबोला विमानाने दीड तासाच्या आत पोहोचता येते. जाफन्याची विमानसेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि मधल्या खंडानंतर डिसेंबर २०२२ पासून पुन्हा चालू झाली. नागपट्टिणम ते कांकेसन्तुरै ही बोट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रथम सुटली. ईशान्य मोसमी वाऱ्यांपुढे ती थोड्याच दिवसांत थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा निघाली. समुद्रमार्गे जाऊ इच्छिणाऱ्याने म्हणून वर्षाचे अखेरचे महिने टाळावेत. ‘बोट मेल’ हे नाव लोकांनी चेन्नई-रामेश्वर गाडीला अजून ठेवले आहे. रामेश्वरला उतरल्यावर पुढे बोट नाही, देवळाकडे जाणाऱ्या रिक्षा आहेत.