ड्रोन छायाचित्रण : यंत्राआधी प्रमाणपत्र

आमच्या कळमनुरीच्या बाजारात लग्नसराईचे कापड फाडताना हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो : "चाचा, पोराला ड्रोन घेऊन द्यावा का?" लग्न, उरूस, हळदीची शेते, विक्रीचे प्लॉट यांची वरून काढलेली छायाचित्रे लोकांना हवी असतात व त्याचे पैसेही मिळतात. यंत्रातले आम्हास फारसे कळत नाही. पण भांडवल कुठे अडकते ते कळते. त्या नजरेने या कामाची माहिती घेतली. तिचे सार एवढेच, की पहिला पैसा यंत्रात नव्हे, शिक्षणात घालावा.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२१ पासून देशात 'ड्रोन नियम' लागू आहेत. त्यात वजनाप्रमाणे वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडविला तरी लागत नाही. मात्र त्याच ड्रोनने धंदा केला की लागते. आमची मुले इथेच फसतात. यंत्र तेच असते, पण मोबदला घेताच नियम बदलतो.

हे प्रमाणपत्र १८ ते ६५ वर्षे वयाच्या, दहावी उत्तीर्ण व्यक्तीस मिळते. दहावी उर्दू माध्यमातून झाली असली तरी अडचण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे. फी भरण्यापूर्वी मान्यता तपासावी. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. मायक्रो ड्रोनची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही आवश्यक आहे. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका हंगामाची कमाई त्यातच जाईल.

खरेदी करताना

परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरतीच सूट ठेवली. तेव्हा 'बाहेरचा माल' म्हणून बिलाशिवाय स्वस्तात मिळणारे यंत्र घेऊ नये. काठावर छाप नसलेले थान आपण घेतो का? पक्के बिल घ्यावे आणि मायक्रो ड्रोन असेल तर त्याला सरकारमान्य प्रकार-प्रमाणपत्र आहे की नाही, हे पैसे देण्याआधी पाहावे.

उडविताना

सरकारी नकाशात आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग केलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या व लाल भागात लागते. नकाशा बदलत असतो, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी तो पाहावा. जिल्ह्यात बंदीचा हुकूम आहे का, हेही विचारावे. २०२४ साली मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावोगाव घबराट पसरली होती. अशा वेळी अनोळखी पोराच्या हातात ड्रोन दिसला, की संशय आधी त्याच्यावर जातो. म्हणून पोलीस ठाणे, सरपंच व शेतमालक यांना आधी सांगून, उजेडात काम करावे व कागदपत्रे जवळ ठेवावीत.

दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय डोकावू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. आकाशातून डोकावणेही तेच. गच्चीवर वा अंगणात बसलेल्या आया-बहिणी चित्रात आल्या तर तो भाग पुसून टाकावा. ग्राहकाचे चित्रण ही अमानत आहे. ते त्याच्या संमतीशिवाय कोणाला दाखवू नये.

हिशेब

पहिला हंगाम प्रमाणपत्रधारक छायाचित्रकाराच्या हाताखाली काढावा. एक बॅटरी साधारण अर्धा तासही पुरत नाही, म्हणून जादा बॅटऱ्या, दुरुस्ती व संगणकावरील जुळणीचा खर्च दरात धरावा. पावसाळ्यात काम जवळपास थांबते, हेही विसरू नये. व्याजाचे कर्ज काढू नये. एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत अशी मुदारबतची भागीदारी करावी. नफा ठरल्याप्रमाणे वाटावा. चालकाची हयगय नसताना तोटा झाला, तर तो भांडवलवाल्याचा व मेहनत वाया गेली ती चालकाची. हे सारे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे.

आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. एवढी तयारी असेल तर पोराला अडवू नका. रोजी देणारा अल्लाह आहे. पण वही आपणच लिहायची असते.