आधी खाड्या मोजा, मग किलोमीटर

रत्नागिरी ते पावस अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. देशावरचा सायकलस्वार हा आकडा बघून तासाभराचा हिशेब मांडतो आणि भाट्याचा पूल ओलांडल्यावर पहिल्याच चढणीला तो हिशेब मोडतो. रत्नागिरी तालुक्यात सायकलची वाट ठरवायची तर नकाशावर आधी एवढंच बघा, की वाटेत किती खाड्या आणि किती पऱ्हे आडवे येतात. प्रत्येक पाण्याला एक उतार आणि एक चढ ठरलेला आहे.

इथली जमीनच तशी आहे. वर जांभ्याचा सपाट सडा, साधारण शंभर मीटर उंचीचा. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी तो ठिकठिकाणी कापला आणि प्रत्येक कापात खाली खाडी, माडाची बाग, वाडी, देऊळ वसलं. रस्ता सड्यावरून निघतो, वळणं घेत गावात उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. सावली, विहीर, चहाची टपरी सगळं खाली. सड्यावर कलमांच्या बागा आणि जांभ्याचे गडगे आहेत, पण उघड्यावर सावली फार थोडी. म्हणून बाटल्या गावातच भरून घ्यायच्या, मग तहान असो वा नसो.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी दक्षिणेची वाट सुचवतो: भाट्ये, गोळप, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे. जायचे साधारण पस्तीस किलोमीटर. काजळी नदीच्या मुखावरचा भाट्याचा पूल उजाडता उजाडता ओलांडावा. पुढे डाव्या हाताला नारळ संशोधन केंद्र, उजवीकडे सुरूचं बन आणि समुद्र. झरी विनायकाच्या देवळाशी सपाटी संपते. इथे थांबून जाकीट काढा, कारण लगेच फणसोपची चढण आहे. ती चढून गोळपच्या सड्यावर आलात की बराच वेळ रस्ता हलके हलके वरखाली होत राहतो. थंडीत सकाळच्या वेळी हा तुकडा फार सुंदर असतो. घाई करू नका.

पावसला गाव सुरू होण्याआधीच वेग कमी करा. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरामुळे गाड्यांची आणि पायी चालणाऱ्यांची वर्दळ असते. न्याहारीला हीच जागा योग्य. कशेळी-आडिवऱ्याकडे खाण्याची सोय मिळेलच असं धरून चालू नये. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी कुणाकडे तरी सांगून ठेवावं.

पावसच्या पुढे गाड्या विरळ होतात आणि या वाटेचा खरा आनंद सुरू होतो. पूर्णगडचा किल्ला लहानसा, मुचकुंदी नदीच्या मुखाशी. सायकल खाली गावात ठेवून पायी वर जाऊन या. तटावरून खाडी, पूल आणि पलीकडचा गावखडीचा किनारा एका नजरेत दिसतो आणि पुढची चढणही दिसते, हा व्यावहारिक फायदा. गावखडीहून कशेळीच्या सड्यावर चढायचं. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. याच गावच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीच्या हत्तीचं कातळशिल्प आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या अशा नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली झाला, त्यांत कशेळी आहे. तिथे सायकल रस्त्यालाच ठेवा. जांभ्यात कोरलेल्या रेषा हजारो वर्षं ऊनपाऊस सोसत आल्या आहेत. चाकांचे आणि क्लीट लावलेल्या बुटांचे घाव त्यांना नकोत. आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेऊन मागे फिरायचं.

परतताना वाऱ्याचा विचार हवा. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, तो मंद असतो. दुपारनंतर समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, जोर धरतो. म्हणजे दक्षिणेहून दुपारी परतणाऱ्याला तो समोरून खावा लागतो, तोही दमलेल्या पायांनी. त्यामुळे आडिवऱ्याहून दहाच्या आत निघा, किंवा उन्हं उतरेपर्यंत तिथेच थांबा. मात्र अंधार करू नका. पावस भागात बिबट्याचा वावर आहे, रस्त्यावर मोकाट गुरं बसलेली असतात आणि वळणावर समोरून येणारी गाडी हेडलाइट कमी करेलच असं नाही.

उत्तरेची वाट याच्या उलट, म्हणजे परतीला वारा पाठीशी. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे. सुमारे पंचवीस किलोमीटर. आरे-वारेची चढण छोटी पण अंगावर येणारी, आणि नेमक्या तिथेच पर्यटक गाडीचं दार उघडून फोटोला उतरतात. शनिवार-रविवारी आठ वाजायच्या आत हा पट्टा पार झालेला बरा. दम असेल तर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहून पुढे जयगडपर्यंत जा. जयगडच्या बंदरामुळे निवळी-जयगड रस्त्यावर अवजड ट्रक सतत धावतात. त्या रस्त्यावर कमीत कमी राहावं.

दोन दिवस हाती असतील तर जयगडहून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळला उतरा. सायकल बोटीत सहज चढते. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. गुहागरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी धोपावे-दाभोळ फेरीने वाशिष्ठी ओलांडली की दापोली तालुका. बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालताना सगळा दिवस जातो.

मुंबई-गोवा महामार्ग आणि मिऱ्या-नागपूर महामार्ग यांपासून शक्य तितकं दूर राहा. वाहतूक वेगवान, आणि हातखंब्याचा उतार अवजड गाड्यांसाठी बदनाम आहे.

सायकलीबद्दल माझं मत पक्कं आहे: हलकी सायकल नसली तरी चालेल, हलका गियर हवाच. पुढे 34 आणि मागे 32 किंवा 34 दात असतील तर गुडघे वाचतात. टायर 28 ते 32 मिलिमीटरचा घ्या. चिऱ्याच्या खाणींतून निघालेल्या ट्रकांमधून सांडलेली बारीक लाल खडी नेमकी वळणावर साचते, तिथे अरुंद टायर घसरतो. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. दोन ट्यूब आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा अडॅप्टर जवळ ठेवा. गावातल्या दुकानात पंप मिळेल, तुमच्या व्हॉल्व्हला तो बसणार नाही. दमट हवेत घामाबरोबर मीठ फार जातं, म्हणून मीठ घातलेलं कोकम सरबत जिथे दिसेल तिथे प्यावं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तम. पावसाळ्यात सडे हिरवेगार होतात आणि मोह होतो, पण झाडाखालच्या उतारांवर शेवाळ धरतं. नवख्याने तेव्हा येऊ नये. शिमग्यात पालख्या गावोगाव फिरतात. रस्त्यावर पालखी दिसली तर उतरून बाजूला उभं राहावं, घंटी वाजवू नये. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन पिकअप भरधाव असतात. गडग्याआत पडलेल्या आंब्यालाही हात लावायचा नाही. वर्षभराची कमाई त्या बागेत असते.

रेल्वेने येणार असाल तर सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवता येते. गाडीच्या तासभर आधी पोचा, दिवे आणि बाटल्या काढून घ्या, नावाची चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा. स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. उतरल्यावर गावात येईपर्यंतची वाट बहुतेक उताराचीच. म्हणजे परतीच्या दिवशी गाडी पकडायला निघताना तो चढ वेळेत धरावा लागेल.