येताना विचारता, तसं जातानाही विचारा

आमच्या भिलाईतल्या सेक्टर २ मधल्या मराठी घरांत संध्याकाळच्या गप्पा हल्ली हटकून व्हिसावर येतात. भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या आईवडिलांची मुलं न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, दोहा अशी पांगली आहेत. बाळंतपण, मुंज, आजारपण, काही ना काही निमित्ताने ये-जा चालूच असते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पाहुणा देशात येताना त्याची जशी चौकशी होते, तशी तो जातानाही व्हायला हवी. अट एवढीच, की ती नोंद असावी, अडवणूक नसावी. अनुभवातून जे कळलं ते लिहितो.

१. आत कोण आहे हे कळायला, बाहेर कोण गेलं हे ठाऊक हवं

आमच्या प्लांटच्या गेटवर कंत्राटी कामगाराचा पास आत जाताना बघतात, तसा बाहेर पडतानाही बघतात. तरुणपणी याचा कंटाळा यायचा. त्याची किंमत अपघाताच्या दिवशी कळते. १२ जून २०१४ ला इथे वायुगळती होऊन सहा जण दगावले. अशा वेळी गेटवर धावत आलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आमचा माणूस आत आहे की बाहेर पडला?’ नुसत्या आत गेलेल्यांच्या यादीतून त्याचं उत्तर मिळत नाही.

देशाचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. महाराष्ट्रात १०७ जणांचा पत्ता लागत नाही अशा बातम्या आल्या आणि कोणीही बेपत्ता नाही असा खुलासा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना करावा लागला. त्या दोन-चार दिवसांत पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वस्त्यांमधून केवढी घबराट पसरली असेल! कोण कधी गेलं याची चोख नोंद हाताशी असली की अफवेला जागा उरत नाही, आणि रीतसर राहणाऱ्यांकडे कोणी संशयाने बघत नाही.

२. नोंद करायची राहिली तर त्रास पाहुण्यालाच होतो

हे मी फार जवळून पाहिलं. अमेरिकेत विमानतळावरून निघताना आपल्यासारखा इमिग्रेशनचा काउंटर नसतो. २०१३ पर्यंत तिथे आय-९४ नावाचं पांढरं कार्ड असायचं. येताना अधिकारी त्यावर शिक्का मारून, किती तारखेपर्यंत राहता येईल ते लिहून, पासपोर्टात स्टेपल करून द्यायचा. जाताना ते काढून घ्यायचं काम विमान कंपनीच्या माणसाचं.

आमच्या शेजारच्या काकू मुलीचं बाळंतपण उरकून परतल्या. सामान उपसताना पासपोर्ट उघडला तर कार्ड जसंच्या तसं आत. काउंटरवरच्या माणसाने ते काढलंच नव्हतं. म्हणजे काकू भिलाईत स्वयंपाकघरात उभ्या, आणि कागदोपत्री अजून अमेरिकेत! मुदत उलटली की त्या बेकायदा राहिलेल्या ठरणार, पुढच्या वेळी दारातच अडवणूक होणार. त्यावरचा उपाय म्हणजे ते कार्ड, बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याच्या शिक्क्याची झेरॉक्स असं सगळं पोस्टाने अमेरिकेला धाडायचं. पत्ता केंटकी राज्यातल्या लंडन नावाच्या गावचा. काकांनी पाकिटावर तो तीनदा तपासून लिहिला, कारण पोस्टातल्या माणसाला ते इंग्लंडचं लंडन वाटेल अशी त्यांना धास्ती होती. सुदैवाने काकूंनी बोर्डिंग पासचा तुकडा पर्समध्ये जपून ठेवला होता. तो नसता तर सत्तरीच्या बाईने आपण घरी परतलो हे सिद्ध करायचं कसं?

जाताना खिडकीवर एक माणूस बसलेला असता तर यातलं काहीच झालं नसतं. म्हणून, निघतानाची तपासणी परक्यांवर पाळत ठेवण्यासाठी असते असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. प्रामाणिक पाहुण्याला तिची गरज सरकारपेक्षा जास्त असते.

३. व्हिसाची तारीख वेगळी, मुक्कामाची वेगळी

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे हवं तेवढं राहता येतं, असा समज आमच्याकडे अजून आहे. राहण्याची मुदत उतरल्यावर ठरते, साधारण सहा महिने. ती ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परतलात तर तीन वर्षं, वर्षभर किंवा अधिक राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी. नातवाच्या ओढीने कोणी आठवडाभर जास्त थांबतं आणि पुढे सगळंच अवघड होऊन बसतं.

४. नोंद वेगळी आणि परवानगी वेगळी

भिलाईचा कारखाना १९५५ च्या सोव्हिएत कराराने उभा राहिला. इथे आलेल्या रशियन तज्ज्ञांना स्वतःचा देश सोडायलासुद्धा सरकारचा व्हिसा लागे. जायचं की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं. आखातात गेलेल्या आमच्या वेल्डर-फिटर पोरांनी तेच दुसऱ्या रूपात भोगलं. कतारमध्ये मालकाच्या संमतीशिवाय देश सोडता येत नसे. बहुतेक कामगारांसाठी ती अट २०१८ मध्ये गेली, घरकाम करणाऱ्यांसाठी २०२० मध्ये. बाप वारला तरी मालकाची सही मिळेपर्यंत पोराने तिकडेच बसायचं, ही माणुसकी नव्हे. जातानाच्या तपासणीला माझा पाठिंबा आहे, पण जाणाऱ्याचा हात धरण्याचा अधिकार कोणा मालकाला असता कामा नये.

५. ब्रिटनने सोडून पाहिलं

१९९४ ते १९९८ दरम्यान ब्रिटनने जातानाची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद केली आणि एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा आणली. इतकी वर्षं किती पाहुणे परतले हे त्या सरकारला धड सांगता येत नव्हतं. आता विमान कंपनी पासपोर्टची माहिती कळवते, वेगळी रांग लागत नाही. युरोपच्या शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी यंत्रात नोंद होऊ लागली. तिथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, ते आता यंत्र मोजतं. अमेरिकेनेही २६ डिसेंबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांचा जातानाचा फोटो घेण्याचा नियम लागू केला. अमेरिका-कॅनडाच्या जमिनीवरच्या सीमेची सोय मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: तिकडे शिरल्याची नोंद हीच इकडून गेल्याची नोंद.

६. आपल्याकडे तपासणी आहे, पण सांगणारं कोणी नाही

भारतात जातानाचा काउंटर पहिल्यापासून आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एका स्नेह्यांच्या मुलीचं काय झालं ते ऐका. नागरिकत्व अमेरिकेचं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढायचं राहिलेलं, पर्यटक व्हिसावर आलेली. वडील सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात अत्यवस्थ. त्यांचं सगळं होईपर्यंत मुक्कामाची मुदत टळून गेली. दिवस-कार्य आटोपून, गीतांजली एक्स्प्रेसने मुंबई गाठून, मध्यरात्री ती काउंटरवर उभी राहिली, तेव्हा कळलं की देश सोडण्याची परवानगी आधी काढावी लागते. विमान गेलं. मांडीवर पेंगुळलेलं पोर घेऊन पहाटेपर्यंत बाकावर बसली होती.

या परवानगीचा अर्ज २०१८ पासून परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. तिने तो भरला, दंड भरला, काही दिवसांनी गेली. नियम मोडला होता, दंडही रास्त. पण जो स्वतःहून परत जायला निघाला आहे त्याला रोखून काय साधतं? थोड्या दिवसांची चूक असेल तर दंड काउंटरवरच घ्या, नोंद करा, जाऊ द्या. आणि मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी एक एसएमएस पाठवा. विजेच्या बिलाचा येतो, मग याचा का नाही?

७. खिडकीवरच्या माणसाला सूचना काय आहे, यावर सगळं ठरतं

बँकांची कर्जं थकवलेले उद्योगपती विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला देशाबाहेर गेले ते अशाच काउंटरवरून. त्यांच्या नावाच्या लुकआउट नोटिशीत ‘रोखा’ बदलून ‘फक्त कळवा’ झालं होतं. तपासणी होती, यंत्रणा होती, तरी माणूस गेला. सामान्य बाईला मध्यरात्री अडवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना कसं जाऊ दिलं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

व्यवस्था सुधारेपर्यंत काळजी आपणच घ्यायची, म्हणून या उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ च्या संकेतस्थळावर मुक्कामाची तारीख बघा आणि कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. परतल्यावर तिथेच आपण निघाल्याची नोंद झाली की नाही तेही बघा. आणि दोन्ही वेळचे बोर्डिंग पास, प्रवास संपला म्हणून टाकून न देता, पासपोर्टाच्या पाकिटात ठेवा.