नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही

निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या खातेदारांची माहिती हाताळणाऱ्या बॅकएंड डेव्हलपरने नावावरून माणूस ओळखू नये. इथे एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि पासबुकावर इंग्रजीत असते. पत्त्याचेही तसेच. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण जुन्या टेबलांत बेळगाव आणि बेळगावी ही दोन शहरे म्हणूनच नांदतात.

सीमाभागातल्या एका पतसंस्थेचे मायग्रेशन मी जवळून पाहिले. मराठी नोंदी श्रीलिपी फॉन्टमध्ये, कन्नड नोंदी नुडी फॉन्टमध्ये, उरलेल्या इंग्रजीत. काम घेतलेल्या टीमने सगळी नावे रोमन लिपीत उतरवली आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव जुळले की दोन नोंदींची एक करणारी स्क्रिप्ट चालवली. टेस्ट सगळ्या पास झाल्या.

पण आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. आजोबा मारुती परशराम, मुलगा परशराम मारुती, नातू पुन्हा मारुती परशराम. घर एक, गाव एक, मोबाईलही एकच. अशाच एका घरात नातवाच्या थकलेल्या कर्जाचा बोजा आजोबांच्या मुदत ठेवीवर चढला. मुदत संपल्यावर म्हातारबाबा दवाखान्यासाठी पैसे काढायला आले, तेव्हा ठेव अडकलेली. शाखेतल्या जुन्या क्लार्कने वहीतले लेजर काढून दाखवले म्हणून उलगडा झाला. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर जुन्या पिढीत निम्म्या गावाची तारीख 1 जून.

उलटही घडते. कुऱ्हाडे हे आडनाव युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवले जाते: थेट ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे जोडून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशनने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे वेगळेच राहते. मग एकाच कुऱ्हाड्यांची दोन खाती होतात आणि शोधताना एकच सापडते.

म्हणून जुना सभासद क्रमांक कधीही टाकून देऊ नका. नव्या आयडीशी त्याची जोडी कायमची जपा. मूळ नोंद जशीच्या तशी वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि शोधासाठी वेगळे रूप तयार करा. मोबाईल नंबरवर युनिक की लावू नका. स्क्रिप्टने फक्त संशयित जोड्यांची यादी काढावी. जोडायचे की नाही, ते शाखेतल्या माणसाने कागद पाहून ठरवावे. जोडलेले पुन्हा सोडवता येईल अशी सोय प्रॉडक्शनला जाण्याआधी करून घ्या.

यात दिवस जातात आणि व्यवस्थापनाला तारीख हवी असते. तरीही यादी तपासून होईपर्यंत मायग्रेशन थांबवा. बैठकीत ते ठामपणे सांगायचे काम नव्या पोरांवर ढकलू नका. सीनियर म्हणून ते तुम्हीच सांगा.