हरवलेलं विमान, सापडलेलं नाव

प्रश्न : महायुद्धात हरवलेल्या बॉम्बरमधल्या मृताची ओळख कशी पटवतात? आमच्या भागातल्या बेपत्ता सैनिकाचा माग काढता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआकडे निघालेलं अमेरिकेचं बी-२४ बॉम्बर ‘हॉट ॲज हेल’ आठ जणांसह नाहीसं झालं. अवशेष सापडले २००६ मध्ये, अरुणाचलच्या डोंगरात.

अशा वेळी आधी विमानाच्या सांगाड्यावरचा क्रमांक बेपत्ता विमानांच्या नोंदींशी ताडून पाहतात. मग दात, हाडं आणि डीएनए. आईकडून येणारा डीएनए बहिणीच्या मुलांतही उतरतो, त्यामुळे भाचरांचा नमुना चालतो. ‘हॉट ॲज हेल’मधले लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचं दफन त्यांच्या गावी झालं ते २०१७ मध्ये.

आता तुमच्या भागाविषयी. बेळगाव तर मराठा लाइट इन्फंट्रीचं माहेरघर. याच रेजिमेंटचे व्हिक्टोरिया क्रॉसविजेते यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांचं नाव कसिनो स्मारकावर आहे.

निपाणीकरांनी अशा स्मारकांची आणि युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मोफत यादीपासून सुरुवात करावी. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुकाही सापडतो. मात्र इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून पाहावं. घरात जुनं पेन्शनपत्र किंवा पदक असेल, तर त्यावरचा शिपाई क्रमांक आधी टिपून घ्यावा.