स्थिर आयपी पत्ता घ्यावाच लागेल का?

प्रश्न : जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी टाकली, राउटरला केबल जोडली, पण एकही वेबसाइट उघडत नाही. इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी पत्ता विकत घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : मुळीच नको, पैसे वाचवा. घरातल्या यंत्राला पत्ता राउटरच डीएचसीपीने देतो. आधी राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला. राउटरच गप्प असेल, तर 'आरसी डॉट कॉन्फ' फाइलीत तुमच्या नेटवर्क कार्डापुढे डीएचसीपी लिहिलंय का पाहा. नवख्यांचं बहुतेक इथेच अडतं. दोन्हीकडून उत्तर येतंय? मग जोडणी शाबूत आहे, नाव शोधणारं डीएनएस तेवढं चुकलंय. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मधली नेमसर्व्हरची ओळ तपासा. मात्र हात लावण्याआधी प्रत्येक फाइलीची प्रत ठेवा.