मधुमेह, हृदय आणि रक्ताची साक्ष

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढण्याचा विकार, हे आज खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचा मोठा घाव हृदयावर बसतो, ही गोष्ट तितकी परिचित नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली हृदयरोगाची दीर्घ पाहणी सुरू झाली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मधुमेही व्यक्तींना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असतो. शिवाय जुन्या मधुमेहाने मज्जातंतू क्षीण झाले असतील, तर हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखेलच असे नाही. शरीर असे मुके राहते, तेव्हा रक्ताची साक्ष काढावी लागते. ती कशी वाचावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण धूर आणि अग्नी यांचे उदाहरण शिकतो. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, असे अनुमान करता येते. पण धूर हे अग्नीचे चिन्ह आहे, कारण नव्हे. आग पेटते ती सरपणामुळे. रक्ततपासणीतील आकडेही असेच आहेत. काही सरपणासारखे, तर काही केवळ धुरासारखे.

पहिला आकडा ग्लायकेटेड हिमोग्लोबिनचा. रिपोर्टात त्याला 'एचबीए१सी' म्हणतात. साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे उपाशीपोटीची साखर त्या सकाळपुरती माहिती देते, तर हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडतो. मात्र सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर नाश पावतात, म्हणून तेथे हा आकडा फसवा कमी दिसू शकतो.

दुसरा गट रक्तातील चरबीचा. एलडीएल कोलेस्टेरॉल रोहिण्यांच्या अस्तरात साचते; हे खरे सरपण होय. मधुमेहात बहुधा ट्रायग्लिसराइड वाढतात व एचडीएल घटते. एलडीएलचा आकडा साधारण दिसला, तरी त्याचे कण लहान आणि संख्येने जास्त असू शकतात. म्हणून एक सोपी वजाबाकी उपयोगी पडते. एकूण कोलेस्टेरॉल २०० आणि एचडीएल ३५ असेल, तर उरलेले १६५ हे अपायकारक कणांतील कोलेस्टेरॉल समजावे.

तिसरा गट धुराचा. १९३० साली शोध लागलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन शरीरातील दाह दाखवते. पण ते साध्या तापानेही वाढते. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की 'एनटी-प्रोबीएनपी' हा पदार्थ रक्तात वाढतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. २००४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील २,८३८ मधुमेहींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांना आधी हृदयविकार नव्हता आणि त्यांचे एलडीएलही फार नव्हते. तरीही एलडीएल उतरवणाऱ्या ॲटोर्व्हास्टॅटिनने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. सरपण काढले, आग कमी झाली. याउलट टॉर्सेट्रापिब या औषधाने 'चांगले' म्हणवले जाणारे एचडीएल खूप वाढले, पण मृत्यूही वाढले. डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

साखरेचे काय? ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. साखर काटेकोर ठेवल्याने डोळे व मूत्रपिंड यांना निश्चित लाभ झाला. हृदयाचा लाभ मात्र आणखी दहा वर्षांनी, २००८ साली स्पष्ट झाला. त्याच २००८ साली अमेरिका व कॅनडातील दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा कसून प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू अधिक झाले आणि तो उपचार आवरता घ्यावा लागला. तात्पर्य, साखर आटोक्यात हवीच. पण तेवढ्याने हृदय सुरक्षित झाले असे नव्हे, आणि आकडा खाली ओढणे म्हणजेच रोग बरा करणे असेही नव्हे.

'माणूस काटक आहे, त्याला कसला हृदयरोग?' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलेच मोजमाप प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! तेव्हा नुसत्या देहयष्टीवर विसंबणे धोक्याचे आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण येथे एक शीत पुरत नाही. साखर, चरबी, रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम आणि तंबाखूची सवय या सर्वांचा मेळ डॉक्टरांनी घालावयाचा असतो. आपले काम त्यांना नेमके प्रश्न विचारण्याचे आहे. रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतो, आणि ज्या घरांतून कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, तेथे तो वाचून दाखवण्याचे काम आपल्याकडेच येते. तो वाचताना एवढे ध्यानात असावे की, कोलेस्टेरॉलच्या आकड्यासमोर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा ही सर्वसामान्यांसाठी असते. मधुमेही माणसाची मर्यादा त्याहून खाली असते. ती किती, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिपोर्टाची घडी घालू नये.